मोरेव्हियन बंधूंचीं दप्तरें

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहणें हें प्रत्येक ख्रिस्ती समाजाचें कर्तव्य आहे. परंतु मागें पाहावयाचें तर पाहण्याजोगें कांहीं कोणीं तरी राखून ठेविलेलें असावें लागतें. हें राखण्याचें काम कसें करावें, याचा धडा अमेरिकेंतील मोरेव्हियन बंधूंकडून आम्हांस मिळतो.

हे बंधु आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. त्यांचें मूळ बोहेमियांतील यान हुस यांच्या शिकवणींत आहे. हुस यांना १४१५ सालीं कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९९ सालीं मनःपूर्वक खेद प्रकट केला. हुस यांच्या अनुयायांनीं १४५७ सालीं बंधुसंघ स्थापिला. पुढें छळामुळें पांगलेल्या बंधूंना १७२२ सालीं सॅक्सनींतील झिंझेनडॉर्फ नामक उमरावानें आपल्या जमिनीवर आसरा दिला व तेथें हर्नहूट गांव वसलें. त्यांच्यापैकीं कांहीं जणांनीं १७४१ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं वस्ती केली. त्याच वर्षीं नाताळच्या पूर्वरात्रीं झिंझेनडॉर्फ यांनीं तिला बेथलेहेम हें नांव दिलें.

या लोकांची एक रीत आमच्या मनांत विशेष भरते. बिशप असो वा सुतार, प्रत्येकानें आपलें जीवनचरित्र लिहावें. मृत्यूनंतर इतरांनीं तें पुरें करावें व अंत्यविधीच्या वेळीं वाचून दाखवावें. मंडळीची रोजनिशीही नेमानें लिहिली जाई. दफनभूमींत सर्वांना सारखीच सपाट शिळा मिळे. बेथलेहेम येथें मूळ रहिवासी, आफ्रिकन व युरोपियन शेजारीं शेजारीं निजले आहेत. या बंधूंनीं गुलामही बाळगले होते. त्या दोषाची साक्षही त्यांचींच दप्तरें देतात.

डेव्हिड झाइसबर्गर (१७२१–१८०८) या मिशनऱ्यानें बहुतेक आयुष्य मूळ रहिवाशांमध्यें वेंचिलें, लेनापे लोकांची भाषा आत्मसात केली व त्यांच्या मुलांसाठीं पाठ्यपुस्तक रचिलें. ओहायो प्रदेशांतील ग्नाडेनहुटेन हें त्याच्या मिशनचें एक गांव. युद्धाच्या धामधुमींत तेथील ख्रिस्ती लोकांना बळेंच दूर नेण्यांत आलें. उपासमार होऊं लागली तेव्हां त्यांपैकीं कांहीं जण शेतांत राहिलेला मका काढण्यास परतले. पेनसिल्व्हेनियाच्या शिबंदीनें त्यांना पकडलें. रात्रभर त्यांनीं प्रार्थना केली, गीतें गाइलीं. दुसऱ्या दिवशीं, ८ मार्च १७८२ रोजीं, ९६ निःशस्त्र जीव ठार झाले: २८ पुरुष, २९ स्त्रिया व ३९ मुलें. मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाहीं. पण मृतांचीं नांवें मिटलीं नाहींत. मिशनऱ्यांच्या वहींत तीं लिहिलेलीं होतीं.

त्या रोजनिश्या व चरित्रें बेथलेहेमच्या दप्तरखान्यांत आजही जपलेलीं आहेत. डेन्मार्कमधील क्रिस्टियन्सफेल्ड हें मोरेव्हियन गांव २०१५ सालीं जागतिक वारसा ठरलें होतें. जुलै २०२४ मध्यें आपल्याच नवी दिल्लींत भरलेल्या जागतिक वारसा समितीनें बेथलेहेम, हर्नहूट व उत्तर आयर्लंडांतील ग्रेसहिल यांना त्याच्या जोडीस बसविलें.

प्रिय वाचकहो, इमारतींना मान मिळाला ही आनंदाची गोष्ट होय. पण त्यांत राहिलेल्या माणसांची ओळख या कागदांमुळेंच राहिली. आमच्या घरोघरच्या वृद्धांपाशींही अशींच न लिहिलेलीं चरित्रें आहेत. या ज्युबिली वर्षीं प्रत्येक कुटुंबानें त्यांच्यापाशीं बसून चार पानें तरी लिहून काढावींत, अशी आमची कळकळीची विनंति आहे. प्रभु या कार्यास यश देवो.