पुण्याचा फुटबॉल क्लब : खातं कोणाच्या नावावर?



खेळाचा विषय निघाला की भोपाळकर हॉकीवर येतो आणि माळव्यातला जुना मराठी माणूस होळकरांच्या क्रिकेटवर. ऐशबागच्या मैदानाच्या आणि अस्लम शेर खानच्या गोष्टी आपण सगळ्यांनी एकमेकांना दहा-दहा वेळा सांगून झाल्या आहेत. आज मी फुटबॉलवर लिहितो आहे, आणि तेही पुण्याच्या. नेहरू नगरात बसून पुण्याचा फुटबॉल कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी निम्म्या घरांची मुलं आज पुण्यात आहेत. आमचीही मुलगी बाणेरला. निवृत्तीनंतर तीन-चार हिवाळे आम्ही दोघं तिकडेच होतो. नातवाला घेऊन मी बालेवाडीला सामने बघायला जात असे, कारण शनिवार-रविवारी घरात बसून त्याने मला सळो की पळो केलं असतं!

तो क्लब म्हणजे पुणे एफसी. आज तो नाही. नुसता तोच नाही असं नाही, त्याच्या मागोमाग उभे राहिलेले आणखी तीन क्लबही नाहीत. बारा वर्षांत एका शहरात चार व्यावसायिक फुटबॉल क्लब झाले आणि चारही मिटले. आयुष्य लेजरमध्ये गेलेल्या माणसाला असा हिशेब डोक्यातून जात नाही.

सुरुवातीपासून सांगतो. पूर्वी आपल्याकडे फुटबॉल म्हणजे कलकत्ता, गोवा आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे संघ. मुंबईत महिंद्रा, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस आणि हो, आम्ही बँकवालेही. सेंट्रल बँक, युनियन बँक, बँक ऑफ इंडिया, सगळ्यांचे संघ असत. खेळाडू सकाळी सराव करायचा, मग काउंटरवर बसायचा आणि खेळणं संपलं की हेडकॅशियर होऊन निवृत्त व्हायचा. पगार थोडा, पण पेन्शन पक्की. खेळ बघणाऱ्यांना त्यात थरार कमी वाटे, खेळाडूच्या बायकोला मात्र झोप लागे.

२००७ साली राष्ट्रीय लीग बदलून 'आय-लीग' आली. आता क्लब व्यावसायिक हवेत, म्हणजे करार, प्रशिक्षक, परदेशी खेळाडू, स्वतःचं मैदान. त्याच वर्षी अशोक पिरामल समूहाने पुण्यात पुणे एफसी काढला. पुण्याला पहिल्यांदाच राष्ट्रीय पातळीवर खेळणारा स्वतःचा क्लब मिळाला. सुरुवात दुसऱ्या विभागात झाली. २००९ मध्ये क्लब वर आला आणि २००९-१० च्या पहिल्याच हंगामात डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोन गोवेकरांच्या पाठोपाठ तिसरा. प्रशिक्षक होते इंग्लंडचे स्टुअर्ट हॉल. त्यांच्यानंतर गोव्याचे डेरिक परेरा आले, आणि माझ्या मते तीच क्लबची सगळ्यात चांगली वर्षं. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी देशात दुसरा आला. मोहन बागान, ईस्ट बंगाल दोघेही त्याच्या खाली! सहा वर्षांच्या पोराने घराण्यातल्या दोन्ही काकांना मागे टाकावं तसं.

त्या संघातला एक खेळाडू मला फार आवडायचा. अराता इझुमी. जन्म जपानचा, वडील मूळचे गुजराती. भारताकडून खेळायचं तर भारताचं नागरिकत्व हवं, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. या माणसाने जपानचा पासपोर्ट सोडला. मंडळी, जपानचा! आपली मुलं इथला सोडून तिकडचा घेतात. नीलकंठ खंभोलजा हे नाव लावून २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. गोलरक्षक सुब्रत पाल २०११ च्या आशिया चषकात दोहाला कोरियासारख्यांचे फटके अडवत होता, तोही त्या वेळी पुणे एफसीचाच.

मैदानाबद्दल मात्र खरं सांगायला हवं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं, हायवेला लागून. जागा प्रशस्त, पण शनिवारवाड्याजवळच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे गावाला जाऊन येण्यासारखं. भोवती धावपट्टा, म्हणून खेळ दुरून दिसे. प्रेक्षकांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त. जे येत ते मात्र मनापासून येत, ढोल वाजवत. आमच्या रांगेत एक पेन्शनर जोडपं थर्मास घेऊन येई आणि गोल झाला की चहा ओते. गोल नाही झाला तर चहा परत घरी.

आता हिशेबाकडे येतो. फुटबॉल क्लबला पैसा कुठून येतो? तिकिटं, टीव्ही, जाहिरातदार, खेळाडूंची विक्री, आणि मालकाचा खिसा. युरोपातही पाचवं खातं असतंच, पण आपल्याकडे पहिली चार जवळपास कोरी आणि पाचव्यावरच सगळा डोलारा. ही गोष्ट तेव्हाच दिसत होती. पुणे एफसी तिसरा आला त्याच उन्हाळ्यात, २०१० मध्ये, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने दुकान बंद केलं. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. कंपनी बुडाली नव्हती, फक्त तिचं धोरण बदललं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला गेले, १५ वर्षांसाठी ७०० कोटींना. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. आठ शहरं, आठ नवे फ्रँचायझी, सिनेनट-क्रिकेटपटू मालक, रोज टीव्हीवर. आय-लीग तशीच चालू राहिली, पण दुसऱ्या खोलीत, दिवा मालवून. पुण्याची फ्रँचायझी वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांची, नाव एफसी पुणे सिटी. त्रेझगेसारखा फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू बालेवाडीत उतरला. आमच्या जावयाच्या ऑफिसातले जे कधी पुणे एफसीच्या सामन्याला आले नव्हते ते या सामन्यांची तिकिटं शोधू लागले. मला राग आला होता. नातवाला अजिबात नाही आला. त्याला एका शहरात दोन संघ म्हणजे दुप्पट मजा.

दोनच नाही. २०१४ च्या अखेरीस कल्याणी समूहाने आय-लीगसाठी भारत एफसी काढला, म्हणजे एकाच हंगामात पुण्यात तीन क्लब. आणि त्या हंगामात एक गंमत झाली. भारत एफसी सगळ्यात शेवटचा आला. पण तो कंपनीच्या वाटेने पैसे भरून थेट आत आलेला, म्हणून नियमाने त्याला खाली ढकलता येईना. त्याच्याऐवजी खाली कोण गेलं? डेंपो! पाच वेळा देशाचा विजेता. आणि वाचलेला भारत एफसी पुढच्या हंगामाआधी स्वतःच निघून गेला.

पुणे एफसीही २०१५-१६ च्या हंगामात उतरला नाही. त्याच्या आदल्या वर्षी तो आशियातल्या स्पर्धांत खेळला होता, नोव्हेंबर २०१४ मध्ये ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकरकडून फक्त एका गोलने हरला होता. म्हणजे क्लब खेळात खंगलेला नव्हता. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने घेतली. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत वाढला आणि भारताकडून खेळला. मालकांना शिव्या देणं सोपं आहे, पण आठ वर्षं खिशातून पैसे घालून त्यांनी एक नीट संस्था चालवली, हे नोंदवायला हवं. दुसऱ्या खोलीत दिवा नाही म्हटल्यावर कोणी किती वर्षं बसायचं?

चौथा डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा पुण्यातला क्लब, डीएसके समूहाने तो वाढवला, लिव्हरपूलबरोबर अकादमी काढली. तोही २०१५-१६ मध्ये थेट प्रवेश घेऊन आय-लीगमध्ये आला, दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. पुढच्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. राहिला एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये तो उपांत्य फेरीत पोहोचला, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बंद. त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने वाधवानांच्या डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. हैदराबादच्या क्लबने २०२१-२२ मध्ये विजेतेपदही मिळवलं, आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलला. एक रेशनकार्ड घेऊन तीन गावं फिरावीत तशी ही जागा फिरते आहे.

यात एकही क्लब हरल्यामुळे बंद पडला नाही. बँकेत आम्ही पहिला प्रश्न विचारायचो की खातं कोणाच्या नावावर आहे. इथे क्लबचं नाव पुण्याचं आणि खातं एका मालकाचं. शहराची सही कुठेच नव्हती.

आपल्याला हे नवं नाही म्हणा. यशवंतराव होळकरांनी सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर अशी माणसं गोळा करून इंदूरला चार वेळा रणजी करंडक आणला. १९५४-५५ मध्ये होळकर संघ शेवटचा खेळला, आणि शेवटच्या वर्षीसुद्धा अंतिम सामन्यापर्यंत गेला होता! संस्थान विलीन झालं, पुढच्या वर्षीपासून संघाचं नाव मध्य भारत. आणि २०१२ चे आपले भोपाळ बादशाह किती जणांना आठवतात? वर्ल्ड सिरीज हॉकी, ऐशबागला झगमगाट, एकच हंगाम, मग ती लीगच पुन्हा झाली नाही.

मालक असूनही क्लब रुजतो, हे मी अलीकडे थायलंडच्या बुरीरामबद्दल वाचलं. भातशेतीचा गरीब प्रांत. तिथले राजकारणी नेविन चिदचोब यांनी २००९ च्या अखेरीस वीज मंडळाचा संघ विकत घेतला आणि अयुथयाहून आपल्या गावी आणला. २०११ मध्ये त्या संघाने देशातल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याच वर्षी गावात क्लबचं स्वतःचं स्टेडियम उभं राहिलं. मालक एकटाच, पण पैसा तिथल्या जमिनीत गेला. स्टेडियम उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. अर्थात अयुथयाच्या लोकांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

आणि आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर आहेच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की बालेवाडीच्या सगळ्या हंगामाची गर्दी एका दुपारी. आता तर नायजेरियाचे खेळाडूही आणतात. त्यांना ना आय-लीग, ना टीव्हीचे करार. गणपतीची वर्गणी मागणारी तीच पोरं फुटबॉलसाठी फिरतात. फार गोड चित्र रंगवत नाही, तिथे हाणामाऱ्याही होतात, सामने थांबतात, पोलिसांना यावं लागतं. देशाच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ नाही, हेही खरंच. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण तयारीसाठी त्याला पुण्याला यावं लागलं. तरी पाटाकडील तालीम बंद करायची तर कोणाच्या सहीने करणार? पेठेतल्या प्रत्येक घराची लागेल.

पुणे एफसी बंद झाला त्या वर्षी नातू नऊ वर्षांचा होता. त्याने फोनवर विचारलं, "आजोबा, आता आपली टीम कोणती?" मी म्हटलं, पुणे सिटी. चार वर्षांनी त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. आता तो रात्री जागून इंग्लंडचे सामने बघतो.

तुमच्यापैकी कोणाच्या मुला-नातवंडांकडे बालेवाडीच्या सामन्यांची तिकिटं किंवा फोटो असतील, विशेषतः २०१२-१३ च्या हंगामाचे, तर खाली जरूर टाका. आमच्याकडचं एक तिकीट मी पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं आहे, पण शाई उडत चालली आहे. आणि थर्मासवालं जोडपं कोणाच्या ओळखीचं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.