१८ मे : सासू हसवून गेली

१८ मे २०१७. रीमा लागू यांचे मुंबईत पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. वय अवघे ५८. आदल्या दिवशीपर्यंत त्या ‘नामकरण’ या हिंदी मालिकेच्या चित्रीकरणात होत्या.

सिनेमाने त्यांना आई करून ठेवले. ‘वास्तव’मध्ये तर जवळपास स्वतःच्याच वयाच्या संजय दत्तची! छोट्या पडद्याने मात्र त्यांच्यातला विनोद ओळखला. ‘तू तू मैं मैं’मध्ये त्या सासू आणि सुप्रिया पिळगांवकर सून, दोघींत अंतर जेमतेम नऊ वर्षांचे, पण ते कुणाला खटकले नाही. भांडण ऐन रंगात असतानाही या सासूच्या डोळ्यांत सुनेबद्दलची माया दिसायची. भुवई किंचित वर गेली की पुढचा टोला येणार, हे प्रेक्षकाला आधीच कळे आणि तरीही हसू फुटे. कटकारस्थानांत रमलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या आजच्या मालिकांतल्या सासवा पाहताना ती हमखास आठवते.

२०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवली. शेजारणीवर भाळलेल्या केशव कुलकर्णीला वठणीवर आणणारी त्यांची कोकी तेव्हा नव्या पिढीनेही पाहिली.