मागाचे चाक आणि माणसाचा खुबा

सुरतेच्या कतारगामात यंत्रमागांचा खडखडाट ऐकत संसार करणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज वृद्धांना पुन्हा चालते करणारा कृत्रिम खुबा मागाचाच ऋणी आहे.

इंग्लंडातील लँकेशायर हाही कापडाचाच मुलूख. तेथील रायटिंग्टन रुग्णालयात डॉ. जॉन चार्न्ली यांनी खुब्याची खोबण टेफ्लॉनची केली. आरंभी रुग्णांच्या वेदना थांबल्या. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या भुकटीने भोवतालचे हाड बिघडले. सुमारे ३०० रुग्णांची आशा मावळली. चार्न्लींनी टेफ्लॉनचा अंश स्वतःच्या मांडीत घालून त्याचा दाह अनुभवला.

१९६२ साली मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्न्लींनी त्यात नख रुतवून पाहिले व तो नापसंत केला. ते परदेशी गेले असता यंत्रशाळेतील सहायक हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो घर्षणयंत्रावर चढवला. तीन आठवड्यांची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवी खोबण रुग्णाच्या शरीरात बसली.

साहेबांनी नाकारलेले तपासून पाहण्याचे धैर्य सहायकाने दाखवले आणि साहेबांनीही परतल्यावर पुराव्यापुढे मान तुकवली. शाळा चालवणाऱ्या मला यातला दुसरा गुण अधिक दुर्मीळ वाटतो.