मर्ल ट्रॅव्हिस : अंगठा, कोळसा आणि कंपनीचं दुकान

आज आपण एका अंगठ्यापासून सुरुवात करू या. गिटारच्या जाड तारांवर उजव्या हाताचा अंगठा एकसारखा ठेका धरतो, तळहाताची कड त्या तारा किंचित दाबून ठेवते, आणि वरच्या तारांवर तर्जनी चाल वाजवते. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं जण वाजवतायत. या पद्धतीला जगभर ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणतात.

नाव मर्ल ट्रॅव्हिसचं आहे, पण पद्धत त्याची एकट्याची नाही, हे आधीच सांगायला हवं. त्याचा जन्म १९१७ चा, केंटकी राज्यातल्या म्युलेनबर्ग परगण्यातला. वडील कोळसा खाणीत कामाला. त्या पट्ट्यात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय वादक होऊन गेला. त्याचं ऐकून केनेडी जोन्स शिकला, पुढे मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली, आणि या दोघांकडून ट्रॅव्हिस. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे ज्याच्यापासून ही साखळी दिसू लागते, तोच आपल्याला ऐकू येत नाही! कंट्री संगीत ही फक्त गोऱ्यांची चीज, असं म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी हे उदाहरण देतो.

ट्रॅव्हिसचं वादन दूरवर पोचलं ते सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू रेडिओवरून. तिकडे पोरसवदा चेट ॲटकिन्स कान देऊन ऐकत होता. एवढे स्वर एका बोटाने निघणं शक्यच नाही, असं समजून त्याने अंगठ्याच्या जोडीला आणखी बोटं वापरायला सुरुवात केली. गैरसमजातूनच त्याची स्वतंत्र शैली घडली.

१९४४ च्या सुमारास ट्रॅव्हिस लॉस एंजेलिसला गेला. १९४६ मध्ये कॅपिटल कंपनीने त्याच्याकडे लोकगीतांचा संच मागितला. तो म्हणाला, लोकगीतं तर सगळी गाऊन झालीत. मग उत्तर आलं, नवी लिही! फर्माइशीवर लिहिलेलं लोकगीत, हा प्रकार ऐकायला विचित्रच. पण त्याच्याकडे सामग्री घरचीच होती. ‘सिक्स्टीन टन्स’ आणि ‘डार्क ॲज अ डंजन’ ही गाणी त्याच संचातली.

‘सिक्स्टीन टन्स’ समजायला खाणीतला हिशोब समजला पाहिजे. अनेक ठिकाणी मजुरी रोख मिळत नसे, कंपनीची चिठ्ठी किंवा बिल्ला मिळे. तो चालायचा कंपनीच्याच दुकानात, आणि भाव कंपनीच ठरवणार. घर कंपनीचं, भाडं पगारातून कापलेलं. महिनाअखेर मजुराच्या नावावर उधारीच उरायची. मरणंसुद्धा आपल्याला परवडणार नाही, असं ट्रॅव्हिसचे वडील म्हणत. त्यांचं बोलणं आणि भावाच्या पत्रातलं एक वाक्य, यांवर ते गाणं उभं आहे. पुढे जॉर्ज डेव्हिस या खाणगायकाने त्यावर आपला हक्क सांगितला, पण गाणं ट्रॅव्हिसच्याच नावावर राहिलं.

१९४७ मध्ये संच बाजारात आला आणि फारसा चालला नाही. लोकांना त्याचं आवडलं ते गमतीदार गाणं. त्याच वर्षी टेक्स विल्यम्सच्या जोडीने लिहिलेल्या सिगारेटवरच्या गाण्याच्या लाखो तबकड्या खपल्या. खाणीचं गाणं आठ वर्षं थांबलं. मग १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डने ते गायलं आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत बघा, त्या ध्वनिमुद्रणात ट्रॅव्हिसचा तो अंगठा नाही. तिथे क्लॅरिनेट आहे आणि चुटक्या.

दारूने त्याची बरीच वर्षं खाल्ली, त्यात आपण शिरत नाही. १९७४ मध्ये ॲटकिन्सबरोबर केलेल्या तबकडीला ग्रॅमी मिळालं, १९७७ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश झाला, आणि १९८३ मध्ये ओक्लाहोमात तो वारला.

आता घरी गेल्यावर एक करा. ‘सिक्स्टीन टन्स’ची दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐका, पण आधी १९४६ चं. त्यात ट्रॅव्हिस गाण्याआधी खाणकामगारांबद्दल चार शब्द बोलतो, आणि बोलताना गिटार चालूच असते.