पहिली तीन पाने

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडताच भिलाई लागते. तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. परंतु पत्त्यांवर पैसे लावण्यासंबंधीचा त्या भूमीतील कायदा कारखान्याहून कितीतरी जुना होता. भिलाईचा मुलूख पूर्वीच्या मध्यप्रांतातला. १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा या प्रांताला लागू होता, आणि त्याच्या बाराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ शिक्षेतून वगळले होते. कौशल्य कशास म्हणावे, हे मात्र त्यात सांगितले नव्हते.

या प्रश्नाला पुढे महत्त्वाचे उत्तर दिले ते याच प्रदेशात वाढलेल्या एका न्यायाधीशाने. मोहम्मद हिदायतुल्ला यांचे शालेय शिक्षण रायपूरला झाले आणि १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. सर्वोच्च न्यायालयात असताना, १९६७ मध्ये, सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात त्यांनी निकाल दिला की, तीन पत्तीसारखा खेळ हा केवळ नशिबाचा होय. रमीत मात्र पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय.

त्या निकालात अमेरिकन स्टड पोकरचा विचार नव्हता. तरीही त्याचा एक प्रकार या कसोटीला चांगलाच ताण देतो. त्यात मधली रक्कम सर्वांत वरचढ हात आणि सर्वांत खालचा हात यांच्यात निम्मीनिम्मी वाटली जाते. खालच्या हातासाठी अठ्ठी किंवा तिच्याखालची पाच निरनिराळी पाने लागतात. प्रत्येकास अखेर सात पाने मिळतात. आरंभी मात्र तीनच, दोन झाकलेली व एक उघडे. तीन पत्तीचा डाव जेथे पुरा होतो, तेथे हा सुरू होतो.

या तीन पानांवरच खेळावे की पाने टाकावी, हे ठरवायचे असते. राजांची जोडी डोळ्यांत भरते; पण खालच्या हाताला तिचा उपयोग नाही. एकाच रंगाची एक्का, दुर्री, तिर्री दिसायला क्षुल्लक, परंतु ती दोन्ही बाजूंनी वाढू शकते. तिघांनी शंभर-शंभर रुपये लावले, तर निम्मी रक्कम जिंकणाऱ्यास पन्नास रुपयांचा लाभ होतो. सारी जिंकणाऱ्यास दोनशेंचा. दोघेच उरले आणि दोघांनी सारखेच पैसे लावले असतील, तर अर्धे जिंकणाऱ्याच्या हाती केवळ स्वतःचेच पैसे परत येतात. म्हणून जाणता खेळाडू बहुतेक वेळा पाने टाकून देतो.

हे कौशल्य खरे. पण पुढचे पान कोणते येईल, यावर त्याची सत्ता चालत नाही, आणि एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटाच असतो. २०२३ च्या आरंभी छत्तीसगड विधानसभेने जुगारप्रतिबंधाचे नवे विधेयक संमत केले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने आंतरजालावरील पैशाच्या खेळांना मनाई करताना खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच मानला नाही. पाने कोणी किती हुशारीने निवडली, हा प्रश्न त्या कायद्यापुढे उरत नाही. खेळण्यासाठी पैसा लावला की नाही, एवढेच तो पाहतो.