सारमेयाचा स्वभाव

गोकुळ या नावात गाईगुरांचा वास आहे. हुबळीचा गोकुळ रोड मात्र आज विमानतळाकडे जाणारा, कारखान्यांचा आणि बसगाड्यांचा रस्ता झाला आहे. या रस्त्यालगतच्या आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक कुत्र्याचे पिलू आले. सुगीनंतर रिकाम्या शेतात मेंढ्या बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेणाऱ्या एका कुरुबाच्या वाड्यावर ते जन्मले होते. कुत्रे पाळण्याचा आमच्या घरातील हा पहिलाच प्रसंग. सांगितलेले ऐकावे, ओळखीच्यापुढे शेपूट हालवावे आणि रात्री निजावे, एवढीच आमची त्याच्याकडून अपेक्षा होती.

सहा-सात महिन्यांत ती अपेक्षा साफ ढासळली. हाक मारली तर ते मान वळवून पाही, विचार करी आणि बहुधा जागचे हलत नसे. टाकलेला चेंडू आणून देण्यात त्यास काडीचाही रस नव्हता. दिवसभर ते सुस्त पडे आणि मध्यरात्री कुंपणाशी उभे राहून अंधारावर भुंके. आलेल्या पक्षकारास ते चावत नसे. पण त्याच्या आणि आमच्या दाराच्या मध्ये मुकाट्याने आडवे उभे राही. शेजारी कुरकुरू लागले. कोणी साखळी सुचविली, कोणी काठी. कुत्रे परत करावे या निर्णयाप्रत आम्हीही येऊन ठेपलो होतो.

त्यापूर्वी आम्ही त्या मेंढपाळास गाठले. तक्रार ऐकून तो हसला आणि एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, त्याची मेंढरं कुठं आहेत?"

या प्रश्नाने आम्हांस इतिहासाकडे वळविले. कुत्र्याचे धंदे अनेक आहेत. मुधोळचे सडपातळ कुत्रे शिकारीचे. ते डोळ्यांनी सावज हेरते आणि वाऱ्यासारखे धावते. काही देशांतील कुत्री धन्याच्या इशाऱ्यासरशी कळप हाकतात. कळप राखणारे कुत्रे या दोहोंहून वेगळे. त्याने मेंढरांमागे धावता कामा नये. त्यांच्यात बसावे, आणि लांडगा आला तर धनी झोपेत असतानाही काय करायचे ते स्वतः ठरवावे. हुकमाची वाट पाहणारा राखणदार लांडग्याच्याच सोयीचा. म्हणून आम्ही ज्यास हट्ट म्हणत होतो, तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेला गुण होता. अशी कुत्री वयातही उशिरा येतात. दीड-दोन वर्षे त्यांचे शहाणपण कच्चेच असते.

चार्लस डार्विन 1833 साली आजच्या उरुग्वे देशात फिरत असता त्याने तेथील मेंढपाळांची रीत टिपून ठेवली. पिलू लहानपणीच आईपासून वेगळे करीत, मेंढीच्या अंगावर पाजीत आणि मेंढवाड्यात लोकरीच्या बिछान्यावर वाढवीत. असे कुत्रे मांस नेण्यास मळ्यावरील घराशी येई, तेव्हा घरची कुत्री त्यास पळवून लावीत. तेच कुत्रे कळपाशी पोहोचताच उलटे फिरे, आणि मग पळण्याची पाळी घरच्या कुत्र्यांची येई. कुत्रे तेच, दात तेच. पण पाठीशी पाल्य असले की त्याचे बळ निराळे. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने 1970 नंतरच्या दशकात अशा कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा बालपणीच्या काही आठवड्यांतील सहवासावरच ही निष्ठा उभी असते, हे त्यांनी दाखविले.

पण एवढ्या दूर जाण्याचे तरी काय कारण? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा इंद्राच्या गाईंचा शोध घेत पणींच्या दारी जाते. पणी तिला बहीण म्हणतात, गाईंचा वाटा देऊ करतात. ती बधत नाही. सातव्या मंडलात, घराच्या अधिपतीस उद्देशून असलेल्या सूक्तात, ऋषी तिच्या पुत्रास, सारमेयास, समजावितो: भुंकायचे तर चोरावर भुंक, आम्ही इंद्राचे स्तोते आहोत, आमच्यावर का गुरगुरतोस, नीज. येथे साखळी नाही, काठी नाही. आपला कोण आणि परका कोण, एवढीच ओळख करून दिली आहे. याच्या उलट उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. जनमेजयाच्या भावांनी सत्रमंडपी आलेल्या सारमेयास मारले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. अपराधावाचून दंड का, हा सरमेचा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि अकल्पित भयाचा शाप राजास भोवला. आमच्या व्यवसायात हा प्रश्न आम्ही रोज विचारतो. घरी मात्र तो आमच्यावरच उलटला.

आपल्या कर्नाटकात तर कुत्र्याच्या मृत्यूवर शिलालेख आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूरचा तो वीरगळ शके 872, म्हणजे इसवी सन 949-50 चा. गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या वीरास त्याच्या इच्छेवरून काळी नावाचे कुत्रे दिले. ते रानडुकराशी झुंजून, त्यास मारून मेले. त्याच्या स्मरणार्थ देवालयाजवळ शिळा उभारून जमीन दिली, आणि तेथील गोरवाने शिळेची पूजा केल्यावाचून जेवू नये असा दंडक घातला. हे कुत्रे शिकारीचे, हे खरे. पण सेवेची नोंद ठेवण्याची ती रीत मननीय आहे. मैलाराचे गोरव आणि जेजुरीच्या खंडोबाचे वाघे स्वतःस देवाची कुत्री म्हणवितात आणि देवापुढे भुंकतात. धनगर-कुरुबांच्या या दैवताच्या घोड्याजवळ कुत्रे असावे, यात नवल ते काय? ज्यांचे सर्वस्व रात्री उघड्या माळावर पडलेले असते, त्यांनीच राखणदाराचे मोल जाणले.

आता कायद्याविषयी. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये, प्राण्यास अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. सदैव बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे हाही. शेजाऱ्यांचा झोपेचा हक्कही तितकाच खरा. म्हणून कुंपण उंच केले, रात्री त्याचे अंथरूण मागच्या पडवीत हलविले, आणि ते भुंकले की कंदील घेऊन आम्ही बाहेर जाऊ लागलो. ते दाखवी तिकडे पाहायचे, "पाहिले, आपलेच माणूस आहे" असे सांगायचे आणि परत यायचे. येणाऱ्या प्रत्येकाची आम्ही स्वतः ओळख करून दिली. हे सोपे नव्हते. वर्षभर झोपमोड झाली. भुंकणे थांबले नाही, पण कमी झाले. आणि शेजारी त्याचे कारण ओळखू लागले.

परवा धारवाडच्या न्यायालयातून परतावयास आम्हांस फार रात्र झाली. घरातील सर्व मंडळी निजली होती. फाटकाशी ते उभे होते. त्याने शेपूट हालविली नाही, अंगावर उडी घेतली नाही. आम्हांस एकवार हुंगले, आत जाताना पाहिले, आणि मगच ते पडवीत जाऊन पडले. त्या मेंढपाळाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा मिळाले. त्याची मेंढरे आम्हीच होतो. आणि त्या रात्रीची मोजणी आता पुरी झाली होती.