वकिलाचा टेम्पो

शिरूरच्या बाजारात कांदा येतो तो टेम्पोतून, आणि दौंड स्टेशनाबाहेर प्रवासी हाक मारतो ती रिक्षाला. या दोन्ही वाहनांच्या कथेत शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरचे एक वकील भेटतात : नवलमल फिरोदिया (१९१०-१९९७). वडील कुंदनमल काँग्रेसचे पुढारी, १९४६ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. १९४२ च्या लढ्यात नवलमलही तुरुंगात गेले. पुढे वकिली सोडून ते उद्योगात आले. माणसाने माणसाला ओढावे, हे त्यांच्या गांधीवादी मनाला पटेना. म्हणून त्यांनी ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ उभी राहिली. २००५ मध्ये कंपनीचे नाव बदलले. ‘टेम्पो’ हा शब्द मात्र मराठीत कायमचा मुक्कामाला राहिला.